हंगामात भरणारं घर

आमचं घर अर्धं वर्ष श्रीमंत असायचं आणि अर्धं वर्ष गरीब. आमच्या गल्लीची रीतच तशी होती.

दसरा झाला की आमच्या बीडकडच्या शिरूरची निम्मी वस्ती ऊसतोडीला जायची. मुकादमाचा ट्रक गल्लीच्या तोंडाशी येऊन उभा राहायचा. त्यात बायका, पोरं, कोंबड्या, तवे, अंथरुणं असं सगळं चढायचं आणि धुरळा खाली बसेपर्यंत गल्ली ओस पडलेली असायची. मागं उरायची ती म्हातारी माणसं, कुत्री आणि आमच्यासारखी दोन-चार घरं. आम्ही ऊस तोडायला जात नव्हतो, कारण अप्पा एका भुसार दुकानात दिवाणजी होते. जाणाऱ्या बायका घरातलं जपण्यासारखं जे काही असेल ते आदल्या दिवशी आमच्याकडे आणून ठेवायच्या. लोखंडी कपाट, पितळी घागरी, लग्नातला पलंग, शिलाई मशीन, कधी एखादी शेळीसुद्धा. गुढीपाडव्याच्या आसपास परत आल्या की ज्याचं त्याला जायचं.

या ठेवीला आई ‘अमानत’ म्हणायची. आमच्याकडच्या बोलीत असे शब्द निजामाच्या वेळेपासून मुरलेले आहेत, पण आईच्या तोंडी हा एक शब्द देवाचं नाव घ्यावं तसा यायचा. तिला लिहिता येत नव्हतं आणि लिहून ठेवायची गरजही नव्हती. ठेवणारी बाई आपल्या जुन्या लुगड्याची चिंधी फाडायची, अर्धी वस्तूला बांधायची आणि अर्धी आपल्याजवळ ठेवायची. न्यायला येताना ती अर्धी चिंधी सोबत आणायची. आई दोन्ही तुकडे जुळवून बघायची, मगच वस्तू जागची हलायची. मी एकदा तिला म्हटलं, "अगं, समोर उभी असलेली बाई तू जन्मभर बघतेस. चिंधी कशाला मागतेस?"

"तिला वळखते गं," आई म्हणाली, "पर उद्या तिचा दीर आला, भाऊ आला, आन म्हणला द्या आमचं, तर? चिंधीला नातं नसतंय."

आईच्या या कारभारापायी हिवाळाभर आम्हाला घरात धड पाय ठेवायला जागा नसायची. दोन खोल्या, त्यातली एक स्वयंपाकाची. मी दोन कपाटांच्या मधल्या बोळकांडीत झोपायचे आणि कूस बदलली की कुणाच्या तरी घागरीवर गुडघा आपटायचा. माझा राग तेव्हाही नाकावरच असायचा. मी चिडून घराला गुदाम म्हणायचे. अप्पा नुसते हसायचे आणि कपाळावरचं भस्म सारखं करून दुकानात जायचे.

त्या वर्षांत बाजार झपाट्यानं बदलत होता. अप्पांच्या दुकानात शाम्पूच्या पुड्यांच्या माळा लटकू लागल्या होत्या, स्टँडवर एसटीडीचे पिवळे बूथ उभे राहिले होते, आणि शिरूर नव्यानंच तालुक्याचं ठिकाण झालं होतं. तहसील कचेरी भाड्याच्या जागेत थाटली होती. बदल आमच्या घरातल्या अमानतीतही दिसायचा. आधी घागरी आणि घंगाळं यायची, मग मिक्सरचे खोके यायला लागले. आणि ज्या वर्षाचं मी सांगतेय त्या वर्षी, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, गल्लीच्या शेवटच्या घरातली वहिनी गोधडीत गुंडाळलेला एक रंगीत टीव्ही घेऊन आली. एका बाजूनं तिनं धरला होता, दुसऱ्या बाजूनं मी.

"काकी, ह्यो लेकीच्या लग्नासाठी घेतलाय," वहिनी दार लावून घेत म्हणाली. "दिराला कळलं तर इकून दारू पिईल. कुणाला म्हणजे कुणाला सांगू नगा."

आईनं मान हलवली. वहिनीनं हिरव्या लुगड्याची चिंधी टर्रकन फाडली. झालं, कागद नाही की साक्षीदार नाही.

त्याच सुमारास रेशनकार्डांचे रंग ठरले. गरिबाला पिवळं, मधल्याला केशरी. आम्हाला केशरी मिळालं. अप्पांचं धोतर, सदरा आणि टोपी रोज दुधासारखी पांढरी असायची, आणि दुकानाच्या गादीजवळ बसलेला माणूस बघून लिहून घेणाऱ्यानं ‘व्यापार’ असं लिहून टाकलं. अप्पांनी हरकत घेतली नाही. उलट मला तर वाटतं, ते मनातून सुखावले होते. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे आमच्या घराचं सगळ्यात जुनं धोरण होतं. धोतर पांढरं राहावं म्हणून आई राख आणि रिठा घेऊन नदीवर किती वेळ बसायची, हे कार्डावर लिहायला रकाना नव्हता.

मग आईला धाप लागायला लागली. आधी घागर आणताना, मग भाकरी थापताना, मग बोलतानासुद्धा. पायांवर सूज आली. आम्ही तिला बीडला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी बराच वेळ छातीला नळी लावून ऐकलं, छातीचे फोटो काढायला लावले आणि सांगितलं की लहानपणीच्या सांधेतापानं हृदयाची एक झडप खराब झाली आहे. ती बदलावी लागेल. औरंगाबादला मोठ्या दवाखान्यात होईल. खर्च ऐकून अप्पांनी टोपी काढून हातात घेतली. डॉक्टर भला माणूस होता. तो म्हणाला, "दिवाणजी, गरिबांसाठी सरकारची योजना आहे. ऑपरेशनचा सगळा खर्च सरकार करतं. पिवळं कार्ड आणि तहसीलचा दाखला तेवढा आणा. पण उन्हाळा उलटू देऊ नका, पुढचं मी सांगू शकत नाही."

एसटीत परत येताना आई खिडकीशी बसली होती. ती म्हणाली, "सरकार कावून देईल आपल्याला? आपण सरकारचं काय केलंय?" मी म्हटलं, "तू गप बस, तुला धाप लागेल." तिला धापेची भीती नव्हती. मला मात्र एवढी भीती वाटत होती की त्या एसटीतली पुढच्या सीटची दांडी मी बीडपासून शिरूरपर्यंत सोडली नाही.

मी तेव्हा अंगणवाडीत शिकवत होते, त्यामुळं अर्ज करणं माझ्याकडं आलं. केशरीचं पिवळं करायचं तर घरी येऊन चौकशी होणार होती. चौकशीला येणार होते मंडळ अधिकारी, ज्यांना आमच्याकडं सगळे सर्कल म्हणतात. मी कचेरीत चार वेळा हेलपाटे घातले आणि मोठ्या पराक्रमानं तारीख मिळवली. तारीख मिळाली ती ऐन माघातली. गल्ली ओस, घर गच्च. हे माझ्या लक्षात आलं ते सर्कल साहेब दारात मोटारसायकल लावून आत आले तेव्हा.

ते उंबऱ्यात थबकले. पुढं सरकायला जागाच नव्हती. भिंतीला तीन लोखंडी कपाटं, त्यांना टेकून उभे केलेले पलंग, कोपऱ्यात छतापर्यंत गेलेल्या पितळी घागरी, शिलाई मशीन, मिक्सरचे खोके आणि मधोमध गोधडीतून एक कोपरा बाहेर काढलेला टीव्ही. दारात शेळी रवंथ करत होती.

"हे सगळं तुमचं?" साहेबांनी विचारलं.

आई कपाटाला टेकून उभी होती. ती खोटं कधी बोलत नसे, पण खरंही सगळ्यांना सांगत नसे. ती म्हणाली, "घरात हाय."

"घरात हाय ते दिसतंय. हे आहे कुणाचं?"

"माज्या घरात हाय, सायेब."

"बरं, हा टीव्ही?"

"त्यो बी घरातच हाय."

"शेळी?"

आईनं थोडा विचार केला. "ती दारात हाय," ती म्हणाली.

साहेबांना वाटलं बाई चेष्टा करते आहे. मी तोंड उघडलं, तेवढ्यात आईनं माझ्याकडं असं पाहिलं की मी ते मिटलं. कारण मलाही कळत होतं. शेवटच्या घरातल्या वहिनीचं कार्ड पिवळं होतं. टीव्ही तिचा आहे असं सरकारी माणसाच्या कानावर गेलं तर तिचं कार्ड जाणार, स्वस्तातलं धान्य जाणार, आणि दिराला टीव्ही कळणार तो वेगळाच. साहेबांनी चहा घेतला, तोही अमानतीच्या शेळीच्या दुधाचा, आणि ‘कुटुंब सधन’ असा शेरा मारून ते निघून गेले.

त्या दिवशी मी आईशी भांडले. आयुष्यात इतकं कधी भांडले नसेन.

"लोकांचा टीव्ही राखताना तू मरशील!" मी ओरडले. "एक नाव घेतलं असतंस तर काय झालं असतं?"

"तिचं कार्ड गेलं असतं."

"आणि तुझा जीव गेला तर?"

"माजा जीव माजा हाय माय," आई शांतपणे म्हणाली. बोलताना तिला मध्ये थांबावं लागत होतं. "त्याचं काय करायचं ते मी ठरवीन. टीव्ही माजा न्हाई. जे माजं न्हाई त्याच्यातून मी खर्च कसा करू?"

मी अप्पांकडं पाहिलं. ते भिंतीकडं तोंड करून टोपीची घडी घालत होते. मला वाटलं ते काहीतरी बोलतील, पण त्यांना टोपीची घडी काही जमत नव्हती. ते पाहून मला आईपेक्षा जास्त त्यांचंच वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कचेरीत जाऊन सगळं सांगून टाकायचं असं पक्कं ठरवून निघाले. गल्लीच्या तोंडाशी, आम्ही जिला खाला, म्हणजे मावशी, म्हणायचो तिचं घर होतं. खाला स्टँडवर पेरू आणि सीताफळं विकायची, आणि गल्लीत तिच्यापासून काही लपत नसे. तिनं माझा चेहरा बघूनच हाक मारली.

"अगं बेटी, सकाळी सकाळी इत्ती गरम होऊन कुठं चालली?"

मी सांगितलं. खालानं ऐकून घेतलं, पेरूची टोपली बाजूला सरकवली आणि म्हणाली, "सायबाला जाऊन सांगशील तर तुजी माय वाचंल, पर तुज्याशी बोलंल का? लेकीनंच अमानत फोडली म्हणंल. ते दुखणं कुठल्या डाक्टरला दाखवायचं?"

"मग काय करू? नुसती बघत बसू?"

"सायबाला न्हाई सांगायचं. मालकिणीला सांगायचं. तिची चीज हाय, ती काय करायचं ते करंल. त्यात अमानत कशी फुटती?"

इतकी साधी गोष्ट मला सुचली नव्हती, कारण मी रागात होते. पण मालकीण होती कुठं? सोलापूरच्याही पलीकडं, कुठल्या तरी कारखान्याच्या उसाच्या फडात, पाचटाच्या कोपीत, म्हणजे खोपटात. तिथं टपाल जात नव्हतं आणि फोन कुणाला करणार? खालाचा मोठा लेक मांजरसुंब्याच्या फाट्यावर गाड्या दुरुस्त करायचा. तिकडं जाणारे सगळे ट्रक तिथल्या ढाब्यांवर जेवायला थांबतात. खालानं लेकाला निरोप धाडला, लेकानं ड्रायव्हरांच्या कानावर घातला. निरोप एवढाच होता की शिरूरच्या काकीचं काळीज बिघडलंय, आणि तुमच्या सामानापायी सरकार तिला श्रीमंत म्हणतंय.

दिवस जात होते आणि माझा विश्वास उडत चालला होता. ड्रायव्हर काय, जेवले की विसरले. आईची सूज वाढली होती. तरी ती रोज सकाळी त्या कपाटांवरची धूळ पुसायची, मध्ये मध्ये थांबून, एका हातानं पलंगाचा पाय धरून. मी तिच्या हातातून फडकं हिसकावून घ्यायचे आणि रागारागानं स्वतः पुसायचे. अशी दुसऱ्याच्या मालाची सेवा मी जन्मात केली नव्हती.

एका सकाळी अंगणवाडीच्या दारात एक काळवंडलेली बाई येऊन उभी राहिली. उसाच्या पात्यांनी हात ओरबाडलेले, डोक्याला फडकं, पायात पुरुषी चप्पल. मी ओळखलंच नाही.

"अवं बाई, वळखलं न्हाई व्हय?" ती म्हणाली. ती शेवटच्या घरातली वहिनी होती. रात्रीच्या गाडीनं निघून ती स्टँडवर उतरली होती आणि घरी न जाता आधी माझ्याकडं आली होती. फडातून असं निघून यायचं म्हणजे खाडा पडतो, म्हणजे त्या दिवसांची मजुरी तर जातेच, वर मुकादम जे बोलतो ते वेगळं. मी काही विचारायच्या आत ती म्हणाली, "कचेरी कुठं हाय ती दाव मला आधी."

वाटेत मी तिला सांगितलं की टीव्ही तुझा आहे म्हटलंस तर तुझं पिवळं कार्ड जाऊ शकतं. ती चालता चालता थांबली. मला वाटलं, झालं, फिरली माघारी. तिनं डोक्याचं फडकं सोडून पुन्हा आवळून बांधलं.

"जाऊ दे," ती म्हणाली. "काकी गेली तर पुढल्या साली सामान कुणाच्यात ठिवू मी?"

असं ती म्हणाली खरी, पण तिचे डोळे भरून आले होते आणि ते मला दिसू नये म्हणून ती भराभर पुढं चालायला लागली.

सर्कल साहेब टेबलावर होते. मला बघून त्यांच्या कपाळावर आठी पडली. वहिनीनं नमस्कार वगैरे काही केला नाही.

"सायेब, काकीच्या घरातला टीव्ही माजा हाय," ती म्हणाली. "कपाटं, पलंग, घागरी, सगळं आमा ऊसतोडवाल्यांचं हाय. काकीचं काय बी न्हाई. तिच्याजवळ फकस्त आजार हाय तेवढा."

कचेरीतली माणसं मान वर करून बघायला लागली. साहेबांनी पेन खाली ठेवलं. "तुमचा टीव्ही? तुमचं कार्ड कोणतं?"

"पिवळं," वहिनी म्हणाली, आणि तिनं मान खाली घातली. "घ्या काढून. लेकीच्या लग्नासाठी घेतलाय. आमच्या घरात तर लाईट बी न्हाई."

साहेब तिच्या हातांकडं बघत होते. मग त्यांनी विचारलं, "लेकीच्या लग्नात द्यायचा?"

"व्हय."

"म्हणजे टीव्ही जावयाचा."

"व्हय, त्याचाच म्हणायचा."

"जावई कुठला?"

"अजून ठरायचाय सायेब. लेक नववीत हाय."

साहेबांनी खुर्चीत मागं टेकून शेजारच्या टेबलावरच्या कारकुनाकडं पाहिलं. "ऐकलं का? टीव्ही जावयाचा आहे, आणि जावयाचा अजून पत्ता नाही. आता ज्याचा पत्ताच नाही त्याचं कार्ड मी कसं रद्द करणार?"

कचेरी हसली. वहिनीला आधी कळलंच नाही, तिनं माझ्याकडं पाहिलं, आणि मी हसतेय की रडतेय हे मलाही कळत नव्हतं. साहेब गंभीर होऊन म्हणाले, "पण बाई, घरात जे दिसतं तेच मी लिहू शकतो. सामान हलवा. परवा मी पुन्हा येतो."

घरी पोचलो तर आई उन्हात बसली होती. वहिनीला बघून ती आधी खूश झाली आणि लगेच तडकली. "कावून आलीस गं? हंगाम टाकून? खाडा कोण भरणार, तुजा बाप?"

"तुमी मेला असता तर दहाव्याला आलेच असते की," वहिनी म्हणाली. "त्यापरीस आधी आले. खाडा येकदाच पडंल."

दोघी हसल्या, आणि हसता हसता वहिनीनं पदराची गाठ सोडली. आत चिंध्या होत्या. निळी, लाल काठाची, ठिपक्यांची, तिची स्वतःची हिरवी. फडातल्या प्रत्येक बाईनं आपापला तुकडा तिच्याजवळ दिला होता. काही जणी दुसऱ्या कारखान्यावर होत्या, त्यांच्या चिंध्या ड्रायव्हरांच्या हाती फिरत फिरत आल्या होत्या. मला वाटलं, आता तरी आई म्हणेल की राहू दे, माझा विश्वास आहे. छे! ती उठली, धापा टाकत आत गेली आणि एकेका वस्तूशी बसून तुकडा जुळवू लागली. एक चिंधी उन्हानं इतकी विटली होती की रंग पटेना. आई ती बाहेर उजेडात घेऊन आली, उलटी करून शिवणीतला मूळचा रंग पाहिला आणि मगच म्हणाली, "हं, ही तिचीच. न्या."

खालानं आपलं अर्धं घर मोकळं केलं. ती, वहिनी, मी आणि दुकानातून धावत आलेले अप्पा, आम्ही सामान हलवलं. पांढऱ्या धोतरावर गंजाचे पट्टे उमटले, आणि अप्पांनी त्याकडं पाहिलंही नाही. शेळी मात्र जायला तयार नव्हती, तिला ढकलत न्यावं लागलं.

साहेब आले तेव्हा घरात चूल, चार भांडी, एक पत्र्याची पेटी आणि देवघरातला महादेव एवढंच होतं. आईला मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण पाहुण्याला बसायला द्यायला काही नव्हतं. तिनं पोत्याची घडी पसरली. साहेब पोत्यावर मांडी घालून बसले आणि म्हणाले, "मावशी, तेव्हाच सांगायचं ना. माझी एक खेप वाचली असती."

"तुमी सरकारी माणूस," आई म्हणाली, "तुमाला न्हाई म्हणता येत न्हवतं, आन सांगता बी येत न्हवतं. त्यांनी माज्याकडं ठिवलंय, सायेब. सरकारकडं न्हाई."

साहेबांनी मान डोलावली आणि लिहायला घेतलं. या वेळी चहा बिनदुधाचा होता. त्यांनी तो सगळा प्यायला.

औरंगाबादच्या दवाखान्यात खिडकीवरच्या माणसानं आधी अप्पांचं पांढरंशुभ्र धोतर पाहिलं, मग पिवळं कार्ड पाहिलं, मग पुन्हा धोतर. मी त्याला म्हटलं, "कार्ड खरं आहे, धोतर आईनं धुतलंय." तो ओशाळला आणि त्यानं शिक्का मारला. ऑपरेशन चाललं तेव्हा अप्पा बाहेर बाकावर ताठ बसून होते, पाठ न टेकता. सगळं बरं झाल्याचं डॉक्टरांनी येऊन सांगितलं तसे ते उठून उभे राहिले, हात जोडले आणि पुन्हा बाकावर बसले. मग त्यांनी पाठ टेकली. रक्त पातळ ठेवायची गोळी आईला जन्मभर घ्यावी लागणार होती, ती योजनेत बसत नव्हती. पण ते पुढचं होतं. मला त्या दिवशी कशाचीच तक्रार नव्हती.

आई घरी आली तोवर पाडवा उलटला होता आणि गल्ली भरली होती. नवी झडप धातूची होती आणि तिचा आवाज यायचा. शांत असलं की छातीतून टिक टिक ऐकू यायची. ही बातमी पसरायला वेळ लागला नाही. बायका रांग लावून यायच्या, आईच्या छातीला कान लावायच्या आणि तोंडावर हात ठेवून मागं सरायच्या.

"या अल्ला," खाला म्हणाली, "सरकारनं आत घड्याळ बसवून दिलं की गं! चावी कोण देतंय?"

"देव देतोय," आई म्हणाली.

"मग माज्या काळजात बी एक बसवाय सांग सरकारला," वहिनी म्हणाली. आई लाजत होती, चिडत होती, आणि तिला ते सगळं मनापासून आवडतही होतं. पोरांनासुद्धा ती ऐकू द्यायची. गल्लीत असं कुणी उरलं नव्हतं ज्यानं तो आवाज ऐकला नाही. अप्पा सोडून. चारचौघांत बायकोच्या छातीला कान लावणं त्यांच्यासारख्या माणसाला शक्यच नव्हतं, आणि एकांतात ‘ऐकू दे’ म्हणणं त्याहून अवघड असावं. बायका आल्या की ते टोपी घालून बाहेर जायचे.

एका दुपारी अंगणवाडी लवकर सुटली आणि मी घरी आले. दार नुसतं लोटलेलं होतं. आई भिंतीकडं तोंड करून आडवी झोपली होती, गाढ. मागचे काही महिने तिला आडवं होता येत नव्हतं, धाप लागायची म्हणून ती बसूनच रात्र काढायची, आणि आता ती लहान मुलासारखी पाय पोटाशी घेऊन झोपली होती. अप्पा दुकानातून जेवायला आले होते. त्यांचं ताट वाढून झाकलेलं होतं. ते तिच्या उशाशी जमिनीवर बसले होते, टोपी मांडीवर, मान तिच्या पाठीकडं झुकलेली, डोळे मिटलेले.

माझ्या चपलेचा आवाज झाला तसा त्यांनी डोळे न उघडताच हात वर केला. मी उंबऱ्यातच बसले. बाहेर कुणीतरी कुणाला तरी हाका मारत होतं, मग तेही थांबलं, आणि मला ऐकू आलं. बारीक, स्वच्छ, न चुकता.

"चाललंय," अप्पा हळूच म्हणाले. मग ते उठले, हात धुतले आणि ताटावरचं झाकण काढून जेवायला बसले.